राणीचे नाव
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या माजी विद्यार्थ्याने शाळेच्या ऋणाविषयी बोलावे, अशी रीत आहे. ते ऋण मला मान्य आहे; परंतु त्याविषयी माझ्याहून चांगले बोलणारे आज या सभागृहात बसलेले आहेत. मला एका मुंगीविषयी बोलायचे आहे. ही मुंगी आपल्याच शाळेच्या पटांगणात सापडली, शास्त्रशाळेच्या कपाटात तिने संसार थाटला, आणि तिचे नाव ठरविताना आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकविलेल्या माझी फजिती होता होता टळली. ती कुणी टाळली, हेही सांगायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी, ज्येष्ठ सरत आला असता, बडोद्यात पहिला खरा पाऊस झाला. दुपारी ढग दाटले, तासभर कोसळले आणि निघून गेले. संध्याकाळी वारा पडलेला, हवेत दमट उकाडा आणि जमीन भिजून मऊ झालेली. अशी संध्याकाळ हा मुंग्यांच्या लग्नाचा मुहूर्त असतो. वर्षभर वारुळात वाढलेल्या पंखवाल्या माद्या आणि नर एकाच वेळी बाहेर पडतात, हवेत त्यांचा समागम होतो, नर दिवसा-दोन दिवसांत मरतात आणि मादी जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते. आपल्याकडे म्हणतात, मरणकाळी मुंगीला पंख फुटतात. नराच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. मादीच्या बाबतीत मात्र पंख गळाल्यावर तिचे खरे आयुष्य सुरू होते. युरोपातील काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत जवळजवळ २९ वर्षे जगल्याची नोंद आहे, आणि त्या एका संध्याकाळी साठवलेल्या शुक्राणूंवरच राणी जन्मभर अंडी घालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच सोसायटीतील, आठवीत शिकणारी एक मुलगी आणि तिचा पाचवीतला भाऊ माझ्या दारात उभे राहिले. मुलीच्या हातात लोणच्याची धुतलेली बाटली होती, आणि बाटलीत सुमारे दीड सेंटीमीटर लांबीची एक काळी, भारदस्त मुंगी. आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणातील कडुनिंबाखाली ती त्यांना सापडली होती.

"आजोबा, ही राणी आहे. हिचं नाव सांगा. ऑगस्टमध्ये विज्ञान प्रदर्शन आहे, तिथं ठेवायची आहे."

तिचा भाऊ लगेच म्हणाला, "नाव काय विचारतेस? मंकोडो आहे तो."

गुजरातीत मोठ्या काळ्या मुंगीला मंकोडो म्हणतात, बारीक मुंगीला कीडी. मुलांच्या घरी तिला मुंगळा म्हणत. माझ्या आजीच्या तोंडी डोंगळा हा शब्द होता. म्हणजे शास्त्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्या बाटलीतल्या प्राण्याला तीन नावे मिळाली होती, आणि तिन्ही बरोबर होती. मराठी घरात जन्मून गुजराती अंगणात वाढलेल्या आपल्या मुलांना एका वस्तूची दोन-तीन नावे असण्याचे नवल वाटत नाही. त्यामुळे पुढचे समजावणे मला सोपे गेले. मुंगळा हे एका आकाराचे आणि एका रंगाचे नाव आहे. त्या नावाखाली अनेक जाती सुखाने नांदतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातील मुंग्यांच्या जाती आणि उपजाती मिळून ८२८ भरल्या होत्या, त्या १०० वंशांत विभागलेल्या. जगभरातील ज्ञात जाती चौदा हजारांच्या वर आहेत. मुलीला हवे होते ते यांपैकी एकीचे नाव.

मी बाटली खिडकीपाशी नेली. अशा वेळी पहिला प्रश्न जातीचा नसतोच. ही मुंगी आहे का, हा पहिला प्रश्न. तुम्ही हसलात, पण पहिल्या पावसानंतर 'राणीमुंगी' म्हणून माझ्याकडे आणल्या जाणाऱ्या प्राण्यांत निम्म्याहून अधिक वाळवीची पाखरे असतात. ज्यांच्या घराच्या चौकटी उधईने खाल्ल्या आहेत, त्यांना हा प्राणी परिचित आहे. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात, शृंगिका मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात, आणि कंबर म्हणून काही नसतेच. धड सरळ पोटाला मिळते. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, शृंगिका कोपरात वाकवलेल्या हातासारख्या, आणि कंबर अशी की दोऱ्याने आवळल्यासारखी. मुंगीचे सोंग घेणारे कोळीही आहेत. त्यांतील एक कोळी झाडावरच्या तांबड्या मुंगीची नक्कल इतकी हुबेहूब करतो की पाय मोजल्याशिवाय विश्वास बसत नाही. पाय आठ भरले की प्रश्न मिटला.

आमची मुंगी मुंगीच होती. मग दुसरा प्रश्न, ती राणी कशावरून? मुलगी म्हणाली, "मोठी आहे म्हणून." हे उत्तर पुरेसे नाही. मुंगळ्यांत काही कामकरीही डोक्याने मोठ्या आणि अंगाने दणकट असतात. मी तिला भिंग दिले आणि पाठ पाहायला सांगितली. कामकरी मुंगीचे वक्ष अरुंद असते, कारण तिला कधी उडायचे नसते. राणीच्या वक्षात उड्डाणाचे स्नायू भरलेले असतात, म्हणून ते फुगीर, वरून तुकड्यातुकड्यांनी जोडलेले दिसते. दोन्ही बाजूंना पंख तुटल्याचे छोटे व्रण असतात. डोक्यावर मोठ्या डोळ्यांच्या मध्ये तीन बारीक साधे डोळे असतात. हे सर्व तिने स्वतः शोधून काढले. नर नाही हे कसे कळले, असे भावाने विचारले. नराचे डोके लहान, डोळे मोठे, अंग सडपातळ. शिवाय या गटातील नराच्या शृंगिकेत १३ खंड असतात आणि मादीच्या १२. त्याने १२ मोजले. दोनदा मोजले. (जाता जाता सांगतो, आपल्या देशात डायकॅम्मा नावाच्या वंशातील मुंग्यांना वेगळी राणीच नसते, तिथे एक कामकरीच अंडी घालते. निसर्गाने आपल्या व्याख्या पाळण्याचा करार केलेला नाही.)

तिसरा प्रश्न कमरेचा. मुंगीच्या कमरेला एक गाठ आहे की दोन, यावरून अर्धी वाट मोकळी होते. दोन गाठी असत्या तर मी दुसऱ्याच दिशेला गेलो असतो. मोठ्या आकाराच्या, काळपट तपकिरी आणि दोन गाठींच्या राण्या आपल्याकडे कॅरेबारा वंशात असतात, आणि घाईत पाहणारा त्यांना मुंगळ्याची राणी समजतो. आमच्या राणीला एकच गाठ होती, उभ्या खवल्यासारखी. पोटाच्या टोकाला नांगी नव्हती, बारीक केसांची झालर असलेले वाटोळे छिद्र होते. यातून आम्ल फवारले जाते. मुंगळा चावल्यावर जी आग होते, ती चाव्याच्या जखमेवर उडालेल्या त्या आम्लाची. एक गाठ आणि असे छिद्र, म्हणजे उपकुल ठरले.

आता वंश. शृंगिका जिथून उगवतात ती खोबणी तोंडावरच्या पट्टीला लागून आहे की तिच्यापासून थोडी मागे सरकलेली आहे, हे पाहायचे असते. आमच्या मुंगीत ती मागे होती. येथवर आल्यावर मी मुलीला म्हटले, "हिचे पंख असते तर आणखी एक खूण पडताळता आली असती." तिने दप्तरातून वहीच्या कागदाची एक पुडी काढली. पुडीत दोन पंख होते. राणीने ते कडुनिंबाखालीच टाकले होते आणि या मुलीने ते, का कोण जाणे, उचलून ठेवले होते. पुढे काय उपयोगी पडेल हे ठाऊक नसताना उचलून ठेवण्याची ही बुद्धी मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांतही क्वचित पाहिली आहे. मोठा पंख काचपट्टीवर ठेवून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पंखाच्या शिरांनी जी बंद घरे तयार होतात, त्यांतले मधले एक घर, जे जवळच्या कित्येक वंशांत असते, ते येथे नव्हते. शृंगिकेची खोबणी आणि हे नसलेले घर, दोन्ही साक्षी जुळल्या. वंश कॅम्पोनोटस.

येथवरचा प्रवास अर्ध्या तासात झाला. आणि येथे रस्ता संपतो.

हे मात्र पालकांना आणि मुलांना नीट समजले पाहिजे, म्हणून येथे थांबतो. मुंग्यांच्या जाती ओळखण्याची जी कोष्टके आहेत, ती बहुतांशी कामकऱ्यांवरून केलेली आहेत. कारण साधे आहे. कामकरी वर्षाचे बारा महिने भेटते, राणी एक-दोन संध्याकाळी. जर्डन हे लष्करी डॉक्टर पक्ष्यांच्या अभ्यासामुळे आपल्याला परिचित आहेत. त्यांनी १८५१ मध्ये दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. लष्करातून ब्रह्मदेशाच्या वनखात्यात गेलेल्या बिंगहॅम यांनी १९०३ मध्ये या उपखंडातील मुंग्यांवरचा जाडजूड ग्रंथ लिहिला. तो आजही अभ्यासकाच्या टेबलावर असतो. अशा ग्रंथांत एखाद्या जातीच्या कामकरीचे वर्णन पानभर सापडते आणि तिच्या राणीसाठी दोन ओळी मिळाल्या तर भाग्य. शिवाय राणी आणि तिच्या मुली एकमेकींसारख्या दिसतीलच असेही नाही. सिंधुदुर्गात आंब्या-काजूवरच्या ज्या तांबड्या मुंग्यांना ओंबील म्हणतात, त्यांचे शास्त्रीय नाव एकोफिला स्मॅरॅग्डिना. स्मॅरॅग्डिना म्हणजे पाचूसारखी. तांबड्या मुंगीला पाचूचे नाव का, असे वाटते. पण तिची राणी हिरवी असते. मुली पाहिल्याशिवाय त्या हिरव्या राणीला तांबड्या ओंबीलीची आई कोण म्हणेल?

मुलगी वही उघडून बसली होती. वंशाचे नाव तिने लिहिले होते आणि पुढे जागा सोडली होती. आणि मी, खरे सांगतो, ती जागा भरायला निघालो होतो. आपल्या भागात सर्वत्र आढळणारा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. लिनीयसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७८७ मध्ये त्याचे वर्णन केले. काळी, मोठी, बडोद्यातली, पहिल्या पावसानंतरची. दुसरे काय असणार? शब्द माझ्या ओठांवर आला होता.

मुलीने विचारले, "कशावरून?"

तिने तो प्रश्न सकाळपासून दहा वेळा विचारला होता आणि दहाही वेळा माझ्यापाशी दाखवायला काहीतरी होते. कधी व्रण, कधी गाठ, कधी पंखातले घर. अकराव्या वेळी दाखवायला काही नव्हते. माझ्यापाशी होती ती केवळ सवय.

त्या क्षणी मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. तरुणपणी एका प्रयोगशाळेत साहाय्यक असताना मुंग्यांच्या संग्रहाला चिठ्ठ्या लावण्याचे काम माझ्याकडे होते. एका डबीत टाचणीवर लावलेल्या चार राण्या होत्या. कामकरी एकही नाही. संग्रहातील दुसऱ्या राण्यांशी त्या ताडून पाहिल्या, बऱ्याचशा जुळल्या, आणि मी ठसठशीत अक्षरांत वंश आणि जाती दोन्ही लिहून टाकल्या. संध्याकाळपर्यंत डबी संपवायची होती. 'बहुधा' हा शब्द लिहायला चिठ्ठीवर जागा होती. मी तो लिहिला नाही, कारण त्याने अज्ञान दिसते असे मला तेव्हा वाटे. बारा वर्षांनी एका अभ्यासकाचे पत्र आले. त्या चिठ्ठीच्या आधारे ती जाती एका जिल्ह्याच्या यादीत नोंदली गेली होती, त्या यादीवरून दुसऱ्या यादीत गेली होती, आणि प्रत्यक्षात त्या जिल्ह्यात शोधूनही कुणाला ती मिळत नव्हती. कामकरी कुठे ठेवल्या आहेत, एवढेच त्याने विचारले होते. मी कबुलीचे उत्तर लिहिले. पण छापलेल्या यादीमागे कबुली धावत नाही. ती नोंद आजही कुणी ना कुणी उतरवून घेत असेल.

तेव्हा मुलीला मी म्हटले, "वंशापुढे आत्ता काही लिहू नकोस. नाव हिच्या मुली सांगतील. तोवर थांबावे लागेल."

थांबणे म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळले नव्हते. एक परीक्षानळी घेतली. तिच्या तळाशी पाणी, पाण्यावर घट्ट कापसाचा बोळा, म्हणजे ओल मिळावी पण राणी बुडू नये. पुढच्या मोकळ्या भागात राणी, आणि तोंडाला पुन्हा सैल कापूस. नळीला कागद गुंडाळून ती अंधारात ठेवायची आणि आठवड्यातून एकदाच, तेही मिनिटभर, पाहायची. अन्न काही द्यायचे नाही. मुंगळ्याची राणी या काळात खात नाही. आता न लागणारे उड्डाणाचे स्नायू तिच्या शरीरात विरघळतात, त्यांवर आणि साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पहिल्या पिलांना तोंडातून भरवते. तिला वारंवार हलविले, उजेड दाखविला, तर ती घाबरून स्वतःची अंडी खाऊन टाकते. म्हणजे नाव कळावे म्हणून पाहावे, तर पाहण्यानेच नाव कळण्याची शक्यता नाहीशी होते.

मुलीच्या शेजारी एक वृद्ध गुजराती बेन राहतात. त्या दर श्रावणात कीडियारूं पूरतात, म्हणजे साखर घातलेले पीठ मुंग्यांच्या बिळांशी नेऊन घालतात. गुजरातीत म्हणच आहे, कीडीला कण आणि हत्तीला मण. या राणीला कणभरही देत नाहीत हे ऐकून त्यांना फार वाईट वाटले. महिना-सव्वा महिना ती काही खाणार नाही, असे मुलीने सांगितले, तेव्हा त्या नळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आ तो मासखमण!" आणि खरोखर हात जोडले. महिनाभराच्या जैन उपवासाचा तो शब्द आहे. माझ्या कोणत्याही व्याख्यानात या अवस्थेचे इतके नेमके वर्णन मला जमले नव्हते.

चौथ्या दिवशी अंडी दिसली, तांदळाच्या कणीहून बारीक. पुढे अळ्या, मग रेशमी कोष. या कोषांनाच लोक मुंगीची अंडी समजतात. जुलै संपला तेव्हा पाच कोष होते आणि मुंगी एकही नव्हती. प्रदर्शन आठवड्यावर आले.

घरी काय बोलणे झाले हे मला तिच्या आईने नंतर सांगितले. आई म्हणाली, "अगं, आजोबांच्या मनात एक नाव आहे ना? तेच लिही. कोण तपासतंय?" आईचा हेतू वाईट नव्हता. बक्षीस मिळावे असे कोणत्या आईला वाटत नाही? पण मुलीने नाव लिहिले नाही. तिने लिहिलेली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. "मुंगळ्याची राणी. वंश : कॅम्पोनोटस. जाती : अजून ठरलेली नाही, कामकरी जन्मल्यावर ठरेल. ठिकाण : शाळेचे पटांगण, बडोदे, कडुनिंबाखाली. वेळ : पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ." खाली तारीख. शेजारी पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन पंख, आणि राणीची तीन छायाचित्रे : समोरून डोके, बाजूने पूर्ण देह, वरून पाठ, प्रत्येकात मोजपट्टी. खरी राणी तिने प्रदर्शनात आणलीच नाही. माणसांच्या गर्दीत ती अंधाराशिवाय राहिली नसती.

प्रदर्शनात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'अजून ठरलेली नाही' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि शेजारी 'अपूर्ण' असा शेरा दिला. बक्षीस ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला मिळाले. ज्वालामुखी खरोखर चांगला होता, हे मला मान्य केले पाहिजे. पण त्या शेऱ्यावर माझे परीक्षकांशी मतभेद आहेत आणि ते मी येथे नोंदवून ठेवतो. त्या दालनात जेवढ्या पाट्या होत्या, त्यांपैकी आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही यांतली सीमा अचूक दाखविणारी पाटी ती एकच होती.

प्रदर्शनानंतर पाच-सहा दिवसांनी पहिली कामकरी कोषातून बाहेर पडली. पहिल्या खेपेच्या मुली नेहमीच खुज्या असतात, कारण त्या आईच्या साठवणीवर वाढलेल्या. मुलगी नळी घेऊन आली. मी म्हटले, "बघ, काळीच आहे." मनात ते जुने नाव अजून बसलेले होते.

ती म्हणाली, "आजोबा, काळी आहे, पण पोट राखाडी दिसतंय. जुन्या चांदीच्या वाटीसारखं."

मी भिंग घेतले. पोटावर अंगाला चिकटून बसलेल्या बारीक केसांची दाट लव होती आणि उजेड पडला की तिच्यावर राखाडी-सोनेरी झाक उमटत होती. कॅम्पोनोटस कॉम्प्रेससचे पोट असे नसते. ते निस्तेज काळे असते, त्यावर अशी लव नसते. मग मी राणीकडे पुन्हा पाहिले. तिच्याही पोटावर तीच झाक होती, थोडी विरळ. पहिल्या दिवशीही ती असणार. बाटलीच्या काचेवरचे ते प्रतिबिंब आहे असे मी धरून चाललो होतो. ज्याला नाव आधीच ठाऊक असते, त्याला झाक दिसत नाही.

तरीही मी तिला दुसरे नाव लगेच लिहू दिले नाही. एका खुज्या कामकरीवरून निवाडा करायचा नसतो. तिने चिठ्ठीत लिहिले, "बहुधा कॅम्पोनोटस पॅरियस." या जातीचे वर्णन एमेरी या इटालियन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये केले. हीदेखील काळी, हीदेखील दिवसा हिंडणारी, आणि मुंगळ्यांच्या गर्दीत सहज मुंगळा म्हणून खपून जाणारी. दिवाळीपर्यंत नळीत कामकऱ्यांची संख्या वीसच्या वर गेली आणि वसाहत मोठ्या डब्यात हलविली. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मोठ्या डोक्याच्या कामकरी दिसू लागल्या. त्यांतील तीन मद्यार्कात ठेवून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथातील वर्णनाशी कलमवार ताडून पाहिल्या, आणि पटांगणातल्या खऱ्या कॉम्प्रेससच्या कामकऱ्यांशीही, कारण कडुनिंबाच्या मुळाशी वारूळ त्यांचेच होते. राणी त्यांच्या दारात उतरली होती, एवढाच त्यांचा आणि तिचा संबंध. मी पहिल्या दिवशी जे नाव सांगणार होतो, ते त्या झाडाच्या मालकिणीचे होते. आणखी दोन रात्री ती तिथे राहिली असती, तर त्यांनी तिला मारून टाकले असते.

त्या दिवशी मुलीने चिठ्ठीवरचे 'बहुधा' खोडले. रबराने नव्हे. एक आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि कशावरून ठरले ते एका ओळीत लिहिले.

पालकांनी मला विचारले आहे की मुलांना अशी राणी सापडली तर काय करावे. एकच घ्यावी. ओंजळभर गोळा करू नयेत. उतरलेल्या शेकडो राण्यांपैकी वारूळ उभे करण्यापर्यंत पोचते ती एखादीच. सापडल्याची जागा, तारीख, वेळ आणि पाऊस कधी पडला हे त्याच दिवशी लिहावे, कारण ही माहिती राणीच्या अंगावर लिहिलेली नसते आणि नंतर कोणत्याही भिंगातून दिसत नाही. पंख मिळाले तर ठेवावेत. ज्यांना पाच-सहा आठवडे नळी अंधारात ठेवणे जमणार नाही, त्यांनी छायाचित्रे काढून राणीला तिथेच, थोड्या ओल्या मातीत, दुसऱ्या वारुळापासून दूर सोडावे. वंशापर्यंत नाव लागले तरी ती पुरती नोंद आहे.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. शास्त्रशाळेतील डब्यात आज शंभरावर कामकरी आहेत आणि त्यांची देखभाल आठवीच्या वर्गाकडे आहे. शेजारच्या बेन महिन्यातून एकदा साखरेचे पाणी पाठवितात. यंदाच्या पहिल्या पावसानंतर मुलांनी एकूण सात नळ्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. त्यांतील चार वाळवीच्या निघाल्या. उरलेल्या तिघींच्या चिठ्ठ्यांवर वंशापुढे जागा सोडलेली आहे.